टेपच्या खाली

...पण कड फाटकी होती. निळी कागदी टेप, बोटाच्या पेराएवढा तुकडा, गाडीच्या डॅशबोर्डवरच्या मधल्या मोठ्या घड्याळाच्या काचेवर नेहमीसारखा चिकटवलेला – आणि त्याची वरची कड सुरीने कापलेली नव्हती, बोटांनी तोडलेली होती, ओबडधोबड, एका टोकाला दोन तंतू सुटलेले. सिग्नलला थांबल्या थांबल्या मित्सुयोने ते पाहिलं आणि आधी तिला मजाच वाटली. तिचा नवरा कुनिहिको टेप तोडत नाही. कापतो. पोलादी पट्टी धरून, जिभेचं टोक दातांत पकडून कापतो, आणि मग काचेवर लावून अंगठ्याच्या नखाने दाबून दाबून आतली हवा काढतो... ह्या माणसाने घरात एक खिळा कधी सरळ ठोकला नाही, सासऱ्यांचा फोटो ठेवलाय ती फळी इतकी वर्षं कलतीच आहे, पण टेपची कड वाकडी? छे! घाई झाली असेल. नाहीतर चष्मा सापडला नसेल, कपाळावरच असेल, आणि शोधला असेल सगळ्या गॅरेजभर. मागच्या गाडीने हलकाच हॉर्न दिला. दिवा हिरवा झाला होता.

टेपच्या खाली. एवढं एकच मित्सुयोला आयुष्यभर पाळायचं होतं. त्या घड्याळावर आकडे असतात, इंजिनाचे फेरे सांगणारे, पण ती आकड्यांकडे पाहत नाही; काट्याचं टोक टेपला शिवू द्यायचं नाही, बस्स – दूध तापत ठेवलेली बाई पातेल्याची कड तेवढी बघते, तशी. इंजिन पार उघडलं, घासलं, पुसलं, नव्या सील घालून परत जोडलं, की ते लगेच कामाला जुंपत नाहीत. ते रुळवावं लागतं. हळूहळू, खूप रस्ता, काही घाई नाही. आधी टेप खाली, मग थोडी वर, मग आणखी थोडी वर, आणि मग एके दिवशी कुनिहिको स्वतः येऊन टेप ओढून काढतो, तिला उतरवतो, आणि एकटाच डोंगरावर जातो. परत येतो तो एकतर लहान मुलासारखा हसत, नाहीतर काहीच न बोलता. नव्या सुनेला जसं घरात रुळू द्यावं लागतं – हे गॅरेजमधल्या तोमोनोचं वाक्य, दर नव्या गिऱ्हाइकाला ऐकवायचं, आणि ते ऐकलं की मित्सुयोचं डोकं फिरतं. सुनेला कोण रुळू देतं? पहिल्याच दिवशी भांडी घासायला बसवतात.

हे काम तिच्याकडे आलं ते कुणी दिलं म्हणून नाही. गिऱ्हाइकांना ते जमत नाही म्हणून आलं. जुन्या गाड्यांसाठी जीव टाकणारी ही माणसं – कुणी दाताचा डॉक्टर, कुणी तोफूचा कारखाना चालवणारा, कुणी देवळातला भिक्षू – इंजिन नवं करून घेतात, हात जोडून शपथ घेतात की उसुदासाहेब, हळूच चालवू, आणि पहिला चढ आला की ह्यांच्या पायाला खाज सुटते. मग महिन्याभरात धूर काढत परत दारात. कुनिहिकोला स्वतःला तर चार फर्लांग दम निघत नाही. तोमोनो पत्रा ठोकणारा, वेल्डिंग करणारा. त्याला गाडी उभी असलेलीच आवडते. राहिली कोण? ती. गॅरेजचे फोन घेणारी, भात लावणारी, बँकेत जाणारी मित्सुयो. ‘बालवाडीच्या बाई,’ तोमोनो म्हणतो, ‘आमची पोरं तेवढी हाताखालून काढा, पुढं ती काय दिवे लावायचे ते लावतील.’ आणि खरंच, ज्या गाड्यांच्या नुसत्या आवाजाने म्हणे रस्त्यातली माणसं मागे वळून बघतात, त्या सगळ्या हिच्या ओळखीच्या आहेत त्या अगदी तान्ह्या असतानाच्या – मऊ, आज्ञाधारक, नव्या रंगाचा आणि जळक्या तेलाचा वास येणाऱ्या. मला विचाराल तर जगात वेगवान गाडी अशी काही नसतेच. मी तरी चालवलेली नाही.

गाव मागे पडलं. आरशात आसामा डोंगर होता, माथ्यावर ताज्या बर्फाची टोपी घालून, आणि उजव्या हाताला चिकुमा नदी, शेतातून आडवी-तिडवी येणारी. दारादारांत सोललेल्या पर्सिमनच्या माळा वाळत घातलेल्या. चांगला दिवस होता, कोरडा, उन्हाचा. शेवटच्या फेरीला असाच दिवस मिळायला हवा होता की नको होता, हे तिला ठरवता येईना.

कारण ही गाडी गिऱ्हाइकाची नव्हती. ही सवाना – हिरवी, चपट्या नाकाची, रात्री दिवे डोळ्यांसारखे उघडणारी – कुनिहिकोने लग्नाआधी घेतलेली, नवी कोरी, ह्या मॉडेलच्या पहिल्या वर्षातली. तिच्यावर त्याने काय करून पाहिलं नाही! रुंद चाकं, त्यांच्यासाठी बाहेर काढलेले पत्रे, इंजिनाची भोकं कोरून कोरून मोठी केलेली, मागे वरवंट्याएवढी नळी. दर दोन वर्षांनी सरकारी तपासणी आली की माळ्यावरची मूळची शांत नळी खाली काढायची, गाडीला सभ्य करून नेऊन आणायची, आणि शिक्का घेऊन परत आली की संध्याकाळच्या आत पुन्हा बोंबलणारी नळी चढवायची – गॅरेजमधल्या सगळ्याच गाड्यांचा हा सोहळा, पण सवानाची तपासणी म्हणजे मित्सुयोला सणच. निदान एक दिवस शेजारच्यांना तोंड दाखवता यायचं. मग पन्नाशी उलटल्यावर कुणास ठाऊक काय झालं, कुनिहिकोने एकेक काढायला सुरुवात केली. रुंद चाकं गेली. पत्रे आत आले. तोमोनो त्यांच्यावर दोन हिवाळे बसला होता. सगळं होतं तसं केलं, पहिल्या दिवसासारखं. आणि ह्या उन्हाळ्यात विकली. अमेरिकेतला कुणीतरी डॉक्टर. उद्या सकाळी बंदरावर नेणारा ट्रक यायचा होता.

‘वापरलेलं इंजिन घालून उसुदाने गाडी पाठवली, असं कुणी म्हणायला नको,’ असं म्हणून त्याने इंजिन पुन्हा उघडलं. ते विकल्यानंतर. म्हणजे जाणाऱ्या गाडीसाठी सबंध शरद ऋतू घातला ह्या माणसाने, आणि मी रोज ते रुळवत बसले, परक्या डॉक्टरसाठी...

विकली कशी, हेही एक गंमतच. जेवताना. तो सोबाच्या नूडल्स सुर्रकन ओढत होता, आणि वाडग्यातून मान वर न करता म्हणाला, ‘सवाना विकू का?’ तिच्या हातात चहाची किटली होती. ती म्हणाली, ‘तुमची गाडी. तुम्हीच ठरवा.’ झालं. एवढ्यावर विकली. आता ‘तुमची गाडी, तुम्हीच ठरवा’ ह्या वाक्याचा अर्थ काय होतो हे जगातल्या कुठल्याही नवऱ्याला कळायला हवं. ते होकाराचं वाक्य आहे का? तिने किटली किती जोरात ठेवली होती! पण नाही, ह्याने मान हलवली, ‘हं’ म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी फोटो काढून पाठवले. तिलाही राग आला, मग रागाचा मान ठेवायचा म्हणून ती गप्प बसली. विचारलं ते विकायचं ठरवूनच विचारलं असणार, असं तिने धरलं. पाठीचं ऑपरेशन झालं वसंतात, खाली वाकून त्या बुटक्या गाडीत शिरायला त्रास होत असेल, असेल काही. पुरुषाने विचारावं आणि बायकोने ‘नको’ म्हणावं, इतकं सोपं असतं तर... तर काय? तर तिने म्हटलं असतं? तिला खात्री नव्हती. गाडीवर आपला काय हक्क, असंच तिला नेहमी वाटत आलं होतं. आपण टेपच्या खालच्या.

आज सकाळी तोमोनो हातमोजे झटकत दारात उभा होता. ‘काय वहिनी, उद्या लेक सासरी चालली म्हणायची. आणि सासर कुठं, तर अमेरिका! डाव्या अंगाला स्टिअरिंग असलेल्या लोकांत हिचं कसं व्हायचं हो?’

‘तुम्ही तोंड मिटून काम करा भावजी.’

‘काम कसलं? ह्यानं मला काही करू दिलं तर ना. पहाटेपासून गाडीत बसून आहे. नुसता बसून आहे.’

कुनिहिको गाडीतून उतरत होता, एक हात पाठीवर, एक दारावर. तिच्याकडे न बघता म्हणाला, ‘ही शेवटची. नोबेयामापर्यंत जा आणि ये. आल्यावर टेप काढतो.’ आणि आत निघून गेला, हात धुवायला, हात स्वच्छ असताना. तिने बाकावरची त्याची चहाची बशी उचलली, तर तिच्यात चुरगळलेल्या निळ्या टेपच्या गोळ्या. बशी काय कचऱ्याचा डबा आहे का? ती मोठ्याने म्हणालीही तसं.

खोरं अरुंद होत चाललं होतं. रस्ता नदीच्या कडेने वर चढू लागला, छोट्या लाइनीचे रूळ एकदा ह्या बाजूला एकदा त्या बाजूला, आणि आरशात आता आसामा दिसत नव्हता. एक ट्रक दिसत होता, आणि त्याच्या मागे आणखी काही. कोबीच्या पेट्यांचा ट्रक. तो अगदी खेटून चालला होता. तिला नवल वाटलं. कालही ती ह्याच चढावर होती, आणि काल मागे कुणी साचलं नव्हतं. काल गाडी ह्या वळणावरून कशी सुळकन गेली होती, तिने मनात म्हटलंही होतं, बाई गं, रुळली की तू. आज तिला सारखा गिअर बदलावा लागत होता. काटा जरा वर आला की टेप. जरा वर आला की टेप. इंजिन काही कुरकुरत नव्हतं, आवाज गोल होता, गरम भांड्यावरच्या झाकणासारखा गोल – रोटरीचा असतो तसा. आत पिस्टन नाहीत, तिकोनी रोटर फिरतो. तो पहिल्यांदा दाखवला तेव्हा ती म्हणाली होती, अय्या, हा तर भाताचा ओनिगिरी! आणि कुनिहिको इतका खूश झाला होता, की सगळे तेच म्हणतात हे त्याने तिला पुढे कितीतरी वर्षं सांगितलं नाही.

मग तिने आकड्याकडे पाहिलं.

टेप तीन हजारावर होती.

कशी असेल? तीन हजार ही पहिली पायरी. इंजिन पहिल्यांदा सुरू झाल्यावरची. तिथून साडेतीन, तिथून चार – काल ती चारवर होती, चारची खूण काचेवर अजून दिसत होती, गोंदाचा पुसट चौकोन, धूळ धरलेला. शेवटच्या फेरीला टेप चारवर असते, नाहीतर नसतेच. इतक्या वर्षांत टेप वर गेलेली तिने पाहिली होती. खाली आलेली कधीच नाही.

तिने डावीकडे दिवा दिला, रस्ता रुंद होता तिथे कडेला घेतलं आणि ट्रकाला जाऊ दिलं. त्याच्या मागच्या सगळ्यांना जाऊ दिलं, प्रत्येकाला मान लववून. मग इंजिन चालूच ठेवून बसून राहिली.

चष्मा. पहिला विचार चष्म्याचा. म्हातारा झाला, तीन आणि चार कळले नाहीत. पण नाही, तो आकडे बघून लावत नाही, बोटाने मापून लावतो, डोळे मिटूनही लावेल. मग दुसरा विचार आला – इंजिनात काहीतरी आहे. काल त्याने रात्रीच्या जेवणाआधी कान लावला होता. काहीतरी ऐकलं असेल, एखादी सील नीट बसली नसेल, आणि उद्या ट्रक यायचा म्हणून कुणाला सांगता येत नसेल, म्हणून आज जपून, खालीच... तिने रेडिओ नव्हताच तरी बंद आहे ना ते पाहिलं, खिडकी खाली केली, आणि ऐकलं. ती कुणी कारागीर नव्हे, पण इतक्या इंजिनांच्या सोबतीला बसलेली होती, की खोटा आवाज तिला लपला नसता. काही नव्हतं. नदीचा आवाज होता आणि इंजिनाचा. दोन्ही बरे होते.

तिने फोन लावला.

‘काय गं?’ त्याने लगेच उचलला. गॅरेजमध्ये तो फोन कधी उचलत नाही. ‘आवाज येतोय काही?’

‘नाही. आवाज छान आहे.’

‘मग?’

‘टेप...’ ती म्हणाली, आणि थांबली.

तिकडे तोमोनोची हातोडी चालली होती. ती थांबली. कुणीतरी हात करून थांबवली असावी.

‘टेपचं काय?’

सांगावं, की तीनवर आहे म्हणून? तो म्हणेल, अरेच्चा, चुकलं, काढून चारवर लाव. आणि मग ती चारवर लागेल. ‘नीट चिकटलेली नाही,’ ती म्हणाली. ‘कडेनं सुटतेय.’

‘दाबून घे.’

‘घेते. पण उशीर होईल. टेपच्या खालीच राहायचं म्हटलं तर अंधार पडेल यायला.’

‘होऊ दे,’ कुनिहिको म्हणाला. आणि मग, ‘काही खाऊन घे वाटेत.’ आणि फोन ठेवला.

काही खाऊन घे! लेकीच्या बाळंतपणात ह्याने एवढंही म्हटलं नव्हतं. ती गाडी पुन्हा रस्त्यावर घेत होती तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर बशी आली. गोळ्या. एक नाही, चांगल्या सात-आठ. म्हणजे लावली आणि काढली, लावली आणि काढली. पहाटेपासून नुसता बसून आहे... चारवर लावली असेल. काढली असेल. पुन्हा लावली असेल. आणि शेवटी पट्टी नाही, सुरी नाही, बोटाने तोडून, चोरासारखी, तीनवर. अहो, हे काय चालवलंय तुम्ही? – हे ती एकटीच म्हणाली, गाडीत, आणि तिचा आवाज तिला नवाच वाटला. चुकलेला नाही हा माणूस. पण मग काय? तसं असेल तर तोंड आहे ना? उद्या ट्रक येतोय आणि हा टेपा चिकटवत बसलाय! नाही, पण कशावरून... कदाचित पाठ दुखत असेल. कदाचित बोटं थरथरत असतील आणि म्हणून नीट लागत नसेल. हातांचं वय झालं हे त्याला दिसलं असेल आज. मी आपली इमले बांधते. तिने काट्याकडे पाहिलं. काटा टेपच्या खाली होता.

नोबेयामाला वर आल्यावर एकदम आकाश लागतं. शेतं रिकामी होती, काळी, नांगरून ठेवलेली, त्यापलीकडे यात्सुगाताकेचे सुळके, आणि रेल्वेफाटकाजवळ इदेकाकूंची टपरी, जिथे ती प्रत्येक फेरीला थांबते. काकू नव्वदीला टेकलेल्या, बसूनच भाजतात. आत मोहरीच्या पाल्याचं लोणचं भरलेले ओयाकीचे गोळे, बाहेरून खरपूस. त्यांनी मान वर करून गाडी पाहिली.

‘आज कुणाची?’

‘आमचीच, काकू.’

‘अगोबाई, ही तर तीच की! हिरवी. मी म्हटलं ही मेली असेल.’

‘उद्या जायची. विकली.’

काकूंनी चिमट्याने गोळा उलटला. ‘हिच्यातनंच तू आली होतीस ना पहिल्यांदा, त्या मुखदुर्बळ पोराबरोबर. दर रविवारी. तू दोन खायचीस आणि तो पैसे द्यायलासुद्धा तोंड उघडायचा नाही. आमचे हे म्हणायचे, ही पोरगी ह्याच्याशी लग्न कसं करणार, ह्याला हो म्हणता येईल का भटजीसमोर?’

मित्सुयो हसली, कारण ही गोष्ट तिची होती, आणि ती तिने हजार वेळा सांगितलेली होती – नातेवाइकांत, गिऱ्हाइकांत, लेकीच्या लग्नात माइक हातात घेऊन. की मध्यस्थांनी स्थळ दाखवलं, आणि मग हा दर रविवारी गाडी घेऊन यायचा. इतकी हळू चालवायचा, इतकी हळू, की सायकली पुढे जायच्या. मला वाटलं, काय शांत माणूस! काय सांभाळून नेणारा! आई म्हणाली, असा नवरा मिळायला भाग्य लागतं. घड्याळावर एक टेप होती. मी विचारलं, हे काय? तर म्हणाला, इंजिन नवीन बसवलंय. अजून तयार नाही. – आणि लग्न झाल्यावर, गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावाला जाताना पहिल्याच दिवशी, ह्याने टेप ओढून काढली, आणि त्या चढावर गाडी अशी काही सोडली की फेरे लाल खुणेला पोचल्याची घंटा वाजायला लागली, मी किंचाळले, आणि तेव्हा मला कळलं की मी कुणाशी लग्न केलंय! इथे सगळे हसायचे. मग ती शेवटचं वाक्य टाकायची: ‘म्हणजे ह्यांना इंजिन रुळवायचं होतं, वाटेत गप्पा मारायला कुणीतरी हवं म्हणून मला घेतलं!’ कुनिहिको दर वेळी मान खाली घालून हसायचा. कधी नाही म्हणाला नाही.

‘प्लमला फुलं होती तेव्हा तुम्ही यायला लागलात,’ काकू म्हणाल्या, ‘आणि लोणच्याचा पाला धुवायला काढला तरी येतच होतात. मी आमच्या ह्यांना म्हटलं होतं, एवढा वेळ लागतो का हो...’

‘लग्न ठरायला?’

‘घे, गरम आहे,’ काकू म्हणाल्या.

ती गाडीत येऊन बसली, दोन ओयाकी मांडीवर, कागदातून मांडी भाजत होती. प्लमच्या फुलांपासून पाला धुवायच्या दिवसांपर्यंत. वसंत, उन्हाळा, शरद, हिवाळ्याची सुरुवात. दर रविवारी. इथपर्यंत आणि परत.

एवढा वेळ लागतो का?

लागत नाही. हे आता तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? आयुष्य गेलं तिचं ह्यात. दर आठवड्याला एवढा रस्ता, म्हणजे... बोटं मोडून हिशोब करायची गरज नव्हती. कुठलंही इंजिन पावसाळ्याच्या आत रुळून मोकळं झालं असतं. उन्हाळ्यातल्या रविवारी त्या टेपचं काही काम नव्हतं. शरदातल्या तर नव्हतंच. आणि ती टेप वरही सरकली नव्हती कधी. तिला ती स्पष्ट दिसली – तेव्हा पिवळी असायची, कापडी – त्याच जागी, तीनवर, फुलं असताना आणि बर्फ पडायला लागलं तेव्हाही. ज्या माणसाला चार फर्लांग दम निघत नाही, तो वर्षभर सायकलींच्या मागून गेला होता.

अजून तयार नाही, म्हणाला होता.

ती गोष्ट मी उलटी सांगत आले. इतकी वर्षं, इतक्या लोकांत, माइक घेऊन... आणि हा मान खाली घालून हसायचा. एकदा तरी म्हणायचं होतं, अगं, तसं नव्हतं ते. पण ‘तसं नव्हतं’ म्हटलं असतं तर मग ‘कसं होतं’ ते सांगावं लागलं असतं, आणि ते ह्या मुखदुर्बळाच्या सात जन्मांत... तिला हसू आलं, आणि हसता हसताच डोळे भरून आले, आणि तिने ओयाकीचा मोठा घास घेतला, कारण रडत खाता येतं पण रडत गाडी चालवता येत नाही. गोळा आतून कढत होता. जीभ पोळली.

आणि तरीही, नसेल तर? आज नुसती थरथरलेली बोटं असतील तर? संध्याकाळी तो येईल, टेप ओढेल, डोंगरावर जाऊन येईल, आणि सकाळी ट्रकाच्या फळीवर सवाना चढवून देईल, डॉक्टरसाठी, मान खाली घालून. हेही त्याच्यात बसतं. काही न बोलता नेणं आणि काही न बोलता देणं, दोन्ही. मग मी बोलायचं का? विकू नका. दोन शब्द. तिने ते म्हणून पाहिले, काचेकडे बघून, आणि ते तिच्या तोंडात नव्या चपलेसारखे लागले.

तिने हात पुसले. टेपची सुटलेली कड नखाने धरली आणि हळूच, गोंद काचेवर न ठेवता, सोलून काढली. घड्याळ मोकळं झालं. आकडे सगळे एकदम दिसले, आठपर्यंत, आणि टोकाचा लाल भाग. इंजिन थंड होत टिकटिक करत होतं. ह्या क्षणी काय करता येईल हे तिला कळत होतं. समोर नोबेयामाचा सरळ रस्ता होता, रिकामा, आणि ती घंटा तिने आयुष्यात एकदाच ऐकली होती. पाय थोडा हललाही तिचा.

मग तिने टेप पुन्हा लावली. तीनच्या खाली. अडीचवर. अडीचवर कुठलीच टेप लागत नाही, कुठल्याच इंजिनाला, पहिल्या दिवशीही नाही. हे तिला माहीत होतं, कुनिहिकोला माहीत होतं, आणि जगात आणखी कुणाला ते दिसलं असतं तर त्याने म्हातारीला वेड लागलं म्हटलं असतं. तिने अंगठ्याच्या नखाने दाबून दाबून हवा काढली. फाटकी कड तशीच राहिली. तिला ती कापावीशी वाटली नाही.

तिने किल्ली फिरवली. काकूंनी टपरीतून हात हलवला. ऊन कलायला लागलं होतं, परतीचा रस्ता सगळा उतार, आणि तरीही अंधार पडणार होता, चांगलाच. तो दारात उभा असेल, तोमोनोला घरी पाठवून, पाठीवर हात ठेवून. दार उघडेल, टेप काढायला आत वाकेल... आणि मग बघू. मग कोण बोलतं ते बघू. तिला भीती वाटत होती, आणि ती जुन्या रविवारांसारखी होती, संध्याकाळ व्हायला नको असायची तेव्हाची.

पहिल्याच वळणाला मागे एक ट्रक आला, त्याच्या मागे दुसरी गाडी, मग तिसरी. काटा टेपच्या खाली होता. लागू दे रांग, मित्सुयोला वाटलं, आणि तिने दुसरा ओयाकी उघडला.